दिवेलागणीची अट

गजेंद्र सरांना चहाचा तिटकारा होता, आणि तो त्यांनी अकरा वर्षं कबड्डीची सेवा करून कमावला होता.

वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौकापासून थोडं आत, ट्रकवाल्यांच्या ढाब्यांच्या मागे, कै. डोमाजी पाटील कला महाविद्यालय आहे. इमारत दोन मजली, त्यातला वरचा मजला बऱ्याच वर्षांपासून 'प्रस्तावित'. सर तिथले क्रीडा संचालक. संचालक म्हटलं की माणसाच्या हाताखाली काहीतरी असेल असं वाटतं. सरांच्या हाताखाली एक शिट्टी, हवा भरायचे दोन पंप आणि हवा न धरणारा एक व्हॉलीबॉल होता. पण मुलींची कबड्डीची टीम होती, आणि ती झकास होती.

ही टीम जमवायला सर अकरा वर्षांपूर्वी आसपासच्या गावांत दारोदार फिरले होते. पहिल्याच घरी पोरीच्या बापानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली, "खेळू द्या पोट्टीले. पन दिवेलागनीच्या आत दारात पायजे." सरांनी शब्द दिला. दुसऱ्या घरापर्यंत तो शब्द त्यांच्या आधीच पोचला होता, आणि मग त्या अटीवर अख्खी टीम उभी राहिली.

वर्धा झोनमध्ये हे जमून जायचं. सामने वर्ध्याला, हिंगणघाटला, समुद्रपूरला, नाहीतर सेलूला. सकाळच्या एसटीनं जायचं, बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे बारा मुली सहा तिकिटांत बसवायच्या, दुपारी यजमान कॉलेजचं वरण-भात आणि जिलबी हाणायची आणि तीनच्या गाडीनं परत. मग सर एकेकीला दारापर्यंत सोडत. दारातली बाई "आली का?" म्हणे आणि सरांच्या हातात कप देई. हा चहा नाकारायची सोय नव्हती. एका वर्षी त्यांनी एका घरचा चहा सोडला, तर पुढच्या वर्षी त्या घरच्या पोरीनं कबड्डी सोडली. त्यामुळे सामन्याच्या प्रत्येक संध्याकाळी दहा-बारा कप साखरेचा पाक पोटात घालून सर घरी जात आणि पित्ताची गोळी घेत. गोळ्यांचा खर्च ते प्रथमोपचारात दाखवत.

हे सुखात चाललं होतं आणि कुणाचंही काही बिघडत नव्हतं, म्हणून विद्यापीठानं ते बदललं.

जिल्ह्यांचे जुने झोन मोडीत निघाले. चार जिल्ह्यांतली कॉलेजं दर्जाप्रमाणे 'अ', 'ब' आणि 'क' अशा गटांत वाटायची ठरली. 'अ' गटाला म्हणे कुणीतरी प्रायोजक मिळणार होता, त्याच्या पैशात वाटा होता, शिवाय कॉलेजच्या मूल्यांकनात जादा गुण. जामसारख्या कॉलेजनं गुपचूप 'क' गटात राहायचं आणि वर्ध्याला जाऊन जिलबी खायची, इतकं ते सोपं होतं. पण संस्थेचे अध्यक्ष महादेवराव, म्हणजे कै. डोमाजींचे चिरंजीव, यांना 'क' हे अक्षर लागलं. संत्र्याच्या दोन पेट्या गाडीत टाकून ते नागपूरला गेले आणि 'अ' घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी जामच्या चौकात फ्लेक्स लागला. 'अ गटात दिमाखदार प्रवेश!' महादेवरावांचा फोटो मोठा, डोमाजींचा मध्यम. मुलींचा नव्हता. त्यांच्यासाठी जागा उरली नव्हती.

सरांनी गटाची यादी पाहिली. एक कॉलेज भंडाऱ्याकडचं, एक नागपूरचं, एक पार गोंदियाच्या पलीकडचं. ते तडक अध्यक्षांकडे गेले.

"भाऊसाहेब, गोंदिया इथून सव्वादोनशे किलोमीटर हाये."

"मंग?"

"जाऊन-येऊन साडेचारशे."

"गजेंद्र सर, तुमचं गनित चांगलं हाये, पन विचार लहान हाये. पुन्याचे लोक लंडनले जाते खेळाले."

"पुन्याच्या लोकायले पोरी दिवेलागनीच्या आत दारात पोचवा लागत नाई, भाऊसाहेब."

यावर महादेवरावांनी प्रवेश शुल्काची पावती दाखवली. पैसे भरून झाले होते. त्या वर्षीचं कबड्डीचं जवळजवळ सगळं अनुदान त्या पावतीत आणि फ्लेक्समध्ये गेलं होतं.

सर चिडले ते मोहिनीसाठी. अण्णाजींची मोहिनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्यासारखी चढाई करणारी पोरगी सरांनी अकरा वर्षांत पाहिली नव्हती. तिला पोलिसात जायचं होतं, खेळाडूंच्या राखीव जागेतून. त्यासाठी आधी विद्यापीठाच्या संघात नाव लागायला हवं होतं, आणि त्याचं हे शेवटचं वर्ष. नवा नियम असा, की विद्यापीठाच्या निरीक्षकासमोर गटातला निदान एक सामना प्रत्यक्ष खेळलेल्या मुलीचाच निवडीसाठी विचार होणार. एकच सामना. पूर्वी ती वर्षाला सहा खेळायची, त्यामुळे सरांना हा नियम वाचून हसू आलं होतं. ते हसू फार टिकलं नाही.

पहिला सामना भंडाऱ्याकडे, सकाळी आठला. म्हणजे आदल्या रात्री मुक्काम. सर अकरा घरी फिरले, अकरा कप चहा प्यायले आणि अकरा नकार घेऊन आले. सामना न खेळताच हरले.

दुसरा सामना घरी, जामला. नागपूरची टीम येणार होती. महादेवरावांनी मंडप घातला, दोनशे माणसांचे पोहे केले, मुख्य पाहुणे म्हणून स्वतःलाच बोलावलं. अकरा वाजले, बारा वाजले. सरांनी फोन लावला तर तिकडचे सर म्हणाले, "अहो, जामला रेल्वे स्टेशन कुठलं? आमच्या मुली हायवेवर उतरून चालत येणार का? घ्या तुम्ही वॉकओव्हर." जाम न खेळताच जिंकलं. महादेवरावांनी विजयी सभा घेतली. पोहे ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांना वाटले.

हळूहळू सरांच्या लक्षात आलं, की या 'अ' गटात कुणीच कुठे जात नाही. जायला परवडत नाही, मुक्कामाला घरचे सोडत नाहीत, आणि न जाता हरायला काहीच खर्च येत नाही. सगळा गट आपापल्या घरी बसून मानानं जिंकत-हरत होता. आता फक्त गोंदियाचा सामना उरला होता.

सर अण्णाजींच्या घरी गेले तेव्हा अंगणात कापसाची गाठोडी पडली होती. वेचणीचे दिवस. मोहिनीची आई आनंदाबाई चहा गाळत होती.

"दोन रातीचा मुक्काम हाये," सरांनी सांगून टाकलं. "अन् हा शेवटचा सामना हाये. हा गेला त मोहिनीचं वर्स गेलं."

अण्णाजी सरळ माणूस. ओरडला नाही, रागावला नाही. "सर, तुमच्यावर भरोसा हाये. गोंदियावर नाई."

"बाबा, तीन वर्स मी दिवेलागनीच्या आत आली," मोहिनी दारात उभी होती, तिथूनच बोलली. "एकडाव नाई आली त काय होईन?"

अण्णाजी एका गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. गावात काय होईल हे त्यांना माहीत होतं, आणि पोरीला ते सांगायची त्यांची इच्छा नव्हती.  सर हातातल्या कपाकडे बघत बसले.

"मी जाते तिच्यासंगं," आनंदाबाई म्हणाली.

"अन् कापूस कोन वेचन?"

"तुमी."

तिनं इतक्या सहज सांगितलं की अण्णाजींना नाही म्हणायला जागाच सापडली नाही. सरांनी त्या दिवशी तो चहा पहिल्यांदा मनापासून प्यायला.

बातमी गावात फिरायला एक संध्याकाळ पुरली. आनंदाबाई जाते तर मी का नाही, असं करत करत नऊ आया तयार झाल्या. ऐन वेचणीत नऊ घरांतले नऊ पुरुष कापसात उतरणार होते. पाच जणींनी तर पोरीच्या आधी स्वतःची पिशवी भरली.

प्रश्न उरला गाडीचा. एवढी वरात एसटीनं न्यायची तर तीन गाड्या बदलाव्या लागणार. कॉलेजची पिवळी बस होती, पण तिच्या डिझेलची किल्ली महादेवरावांकडे.

"टीमसाठी देतो," ते म्हणाले. "टीमसाठी एक जीप पुरे. बायायसाठी काऊन देऊ? ही कबड्डी हाये, बचत गटाची सहल नाई."

"बाया नाई त पोरी नाई, भाऊसाहेब. अन् पोरी नाई त 'अ' गटाचा फ्लेक्स उतरवा लागन."

तेवढ्यात आतून महादेवरावांच्या पत्नी सुलोचनाबाई बाहेर आल्या. "गोंदियाले कोन कोन जाऊन राह्यलं?"

सरांनी नावं सांगितली. सुलोचनाबाईंच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्या एकट्या जिथे गेल्या असं सगळ्यात लांबचं ठिकाण म्हणजे वर्ध्याचा ब्लाउजचा टेलर.

"मीबी येते," त्या म्हणाल्या.

"तू काय करशीन तिथं?" महादेवरावांनी विचारलं.

"तुमी इथं काय करून राह्यले ते मी कधी इचारलं?"

बसची टाकी फुल झाली.

निघायचं ठरलं सकाळी दहाला. निघाले बाराला, कारण जेवणाचे डबे. आणि बस नागपूरच्या दिशेला वळणार तोच मागून आवाज आला, की आधी केळझर. दर हंगामाचा पहिला नारळ केळझरच्या गणपतीला फुटायचा, सेलूच्या सामन्याला जाता-येता. यंदा सेलूचा सामनाच रद्द झाला होता, नारळ राहून गेला होता, आणि भंडाऱ्याची हार, नागपूरचे वाया गेलेले पोहे या सगळ्याचं मूळ बायांना तिथेच सापडलं होतं. सरांनी मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला, की ते पार वर्ध्यावरून उलटं पडतं.

"गनपतीले उलटं-सुलटं नसते, सर," आनंदाबाई म्हणाली. "सरळ चाला."

दोन तास गेले. नारळ फुटला. गोंदिया यायला चांगलीच रात्र झाली आणि सगळी मंडळी एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सतरंज्या पसरून झोपली. सुलोचनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा उशाला पिशवी घेतली आणि सगळ्यात आधी त्याच घोरल्या.

सकाळी नऊच्या ठोक्याला बस त्या कॉलेजच्या मैदानावर उभी राहिली. मैदानावर कबड्डीचं पटांगण नव्हतं. मैदानावर धान वाळत घातलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मध्ये तीन कोंबड्या आपलं काम करत होत्या.

तिथले क्रीडा शिक्षक अश्विन ऑफिसच्या पायरीवर दाढी करत बसले होते. बसमधून एकामागून एक वीसेक बायका उतरताना पाहून त्यांचा हात गालावरच थांबला.

"सर, तुम्ही सच में आले?"

"पत्र धाडलं होतं. दोन डाव."

"पत्रं तर सगळेच धाडतात, सर. येत कोणीच नाही. मी मुलींना धान कापायला सुट्टी दिली." अश्विन उभे राहिले, गालावरचा साबण पुसला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हॉस्टेलला पाचच मुली आहेत. सात लागतात. म्हणजे वॉकओव्हर! मुबारक हो, सर, तुम्ही जिंकले!"

"मले जिंकायचं नाई!" सर इतक्या जोरात ओरडले की कोंबड्या उडाल्या.

दहाच्या सुमारास विद्यापीठाचे निरीक्षक आले. त्यांनाही कुणी येईल असं वाटलं नव्हतं, ते नाश्त्याला आले होते. सरांनी हात जोडले, नियम सांगितला, मोहिनीकडे बोट दाखवलं. ती किट घालून, गुडघ्यांना पट्ट्या बांधून त्या धानाच्या कडेला उभी होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

"मी तरी काय करू?" निरीक्षक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला बसून राहायची सवय होती. "सात विरुद्ध सात उभे करा, मी पाहतो. साडेचारची माझी गाडी आहे. सव्वातीनपर्यंत सामना सुरू झाला नाही, तर वॉकओव्हर लिहून निघालो."

सर पायरीवर बसले. हंगामात दुसऱ्यांदा त्यांच्या खिशात फुकटची जीत होती, आणि ती घेऊन घरी जायचं म्हणजे पोरीच्या आयुष्यावर स्वतःच्या हातानं पाणी सोडायचं. त्यांना रडू येईल असं वाटलं. ते शिक्षक असल्यामुळे आलं नाही.

आनंदाबाई अश्विनसमोर जाऊन उभी राहिली. "दोन पोरी कमी हाये ना? कुठं राहते त्या?"

अश्विन चाचरत सांगू लागले. सगळ्यात जवळची म्हणजे गुलाब. इथून आठ किलोमीटरवर तिचं गाव, शेजारीच तिची चुलत बहीण. गुलाबसारखी पकड करणारी मुलगी अख्ख्या गटात नाही. पण तिची आई आता पाठवत नाही. "मागच्या वर्षी मी तिला संध्याकाळी परत आणतो म्हटलं होतं," अश्विन खाली बघत म्हणाले. "गाडी बिघडली. रात्रीचे नऊ झाले."

सगळ्या आयांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. अश्विननी नजर वर केलीच नाही.

आठ आया मैदानावर राहिल्या आणि धान गोळा करायला लागल्या. आनंदाबाई, सुलोचनाबाई आणि सर बस घेऊन गुलाबच्या गावाला गेले.

गुलाबची आई बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात होती. कापलेलं धान पसरलेलं, पेंढ्या बांधायचं काम चाललेलं, दोन्ही मुली वाकून तेच करत होत्या. सरांनी तोंड उघडलं, "बाई, मी शब्द देतो, दिवेलागनीच्या आत..."

"असाच शबद मागल्या सालीबी देल्ला होता," ती न थांबता म्हणाली. "अन् आज त कामबी हाये. पाऊस येईन असं वाटून राह्यलं. दोन पोरी गेल्या त हे कोन बांधन?"

सुलोचनाबाई पुढे झाल्या. "मी अध्यक्षांची बायको हावो."

"कोनत्या अध्यक्षाची?"

महादेवरावांचं नाव त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. सुलोचनाबाई एक पाऊल मागे आल्या.

आनंदाबाईनं चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि बांधीत उतरली. एक पेंढी उचलली, कशी बांधतात ते गुलाबच्या हाताकडे बघून घेतलं आणि बांधली. जरा सैल झाली. दुसरी बरी झाली.

"माह्या पोरीचा आज शेवटचा सामना हाये, बाई," ती म्हणाली. "तुमच्या पोरी नाई आल्या त ते होत नाई. दोन पोरी घेऊन जाते हे सर, अन् त्यायच्या जागी आमी दोघी इथं राहतो. दिवेलागनीच्या आत पोरी दारात नाई आल्या, त आमाले ठेवून घ्या."

गुलाबच्या आईनं पहिल्यांदा पाठ सरळ केली. या बाईकडे पाहिलं, मग मागच्या जरीकाठाकडे.

"या बाईले येते का हे काम?"

"तीस वर्सं झाले केल्याले," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि हातातल्या बांगड्या वर सारल्या. "शिकवा."

सरांच्या तोंडून तोवर एक प्रश्न निसटला होता. "आनंदाबाई, तुमी इथं राहाल त मोहिनीचा खेळ?"

ती पेंढी बांधत होती. गाठ आवळून तिनं पुढची उचलली.

"खेळ तिले खेळायचा हाये, सर. मी पाह्यला काय, नाई पाह्यला काय. पोरीयले घेऊन जा, टाइम होऊन राह्यला."

सव्वादोनशे किलोमीटर आणि वर केळझरचा फेरा करून आलेली बाई लेकीचा एकमेव सामना बघणार नव्हती, हे सरांना बसमध्ये बसल्यावर नीट कळलं. मग मात्र ते खिडकीकडे तोंड करून बसले, कारण मागे दोन परक्या मुली होत्या.

मैदान मोकळं व्हायला दुपारचे तीन वाजले. धानाची रास एका कडेला लागली होती आणि आठ आयांनी झाडलेलं पटांगण असं स्वच्छ होतं, की तिथला शिपाई त्यांच्याकडे आदरानं बघत होता. कुणीतरी चुन्याऐवजी राखेनं रेषा मारल्या होत्या. सव्वातीनला तीन मिनिटं कमी असताना सात विरुद्ध सात उभ्या राहिल्या. निरीक्षकांनी पेपरची घडी घातली.

मोहिनी पहिल्या चढाईत दोन गडी मारून आली. दुसऱ्यात बोनस. तिसऱ्या चढाईत गुलाबनं तिचा घोटा असा धरला की सरांनाच स्वतःचा पाय दुखल्यासारखा वाटला. मोहिनी उठली, गुलाबकडे बघून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुणीतरी धरणारं भेटलं होतं. दोन महिने घरी बसून जिंकलेल्या-हरलेल्या त्या मुली अशा तुटून पडल्या, की निरीक्षक खुर्चीतून उठून रेषेपाशी आले आणि अश्विन आपण कुणाच्या बाजूचे हे विसरून दोन्हीकडे टाळ्या वाजवू लागले. मोहिनीनं तेरा गुण घेतले. गुलाबनं तिला तीनदा पकडलं.

जाम दोन गुणांनी हरलं. शिट्टी वाजताच गजेंद्र सर दोन्ही हात वर करून नाचले, आणि निरीक्षकांनी कागदावर कोण हरलं ते पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

"नाव काय म्हणालात मुलीचं?" त्यांनी विचारलं. सरांनी मोहिनीचं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट, तालुक्यासकट.

बस गुलाबच्या दारात लागली तेव्हा सूर्य बुडायला आला होता. गुलाबची आई वातीला तेल घालत होती. तिनं पोरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "आली का?" म्हणाली आणि सरांच्या हातात चहाचा कप दिला. जगात कुठेही गेलं तरी हे सुटत नाही, हे सरांनी मान्य केलं आणि प्यायले.

आनंदाबाईच्या केसांत तूस होतं. मोहिनी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आई, हारलो."

"ते राहू दे. तू कशी खेळली?"

"तेरा पॉइंट."

आनंदाबाईनं लेकीचा गुडघा दाबून पाहिला, खरचटलं होतं तिथे फुंकर घातली. "सांग मंग. पयल्यापासून सांग," ती म्हणाली, आणि मोहिनी तिथेच पायरीवर बसून एकेक चढाई सांगू लागली. सुलोचनाबाई पलीकडे हातावरचे फोड सगळ्यांना दाखवत होत्या, एकतीस वर्षांतला पहिला दागिना मिळाल्यासारखे. त्या रात्री सगळी बस गुलाबच्या अंगणात नव्या तांदळाचा भात जेवली.

दुसऱ्या दिवशी जाम आलं ते बरोबर दिवेलागणीला. सरांचा शब्द राहिला होता, दोन दिवस उशिरा. पण दारात "आली का?" म्हणणारी बाई एकाही घरात नव्हती, त्या सगळ्या बसमध्ये होत्या. दारांत पुरुष उभे होते, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे, आणि प्रत्येकाच्या हातात त्यानं स्वतः केलेला चहा. सर नऊ घरी थांबले. एका घरी साखरच नव्हती, एका घरी साखरच होती. अण्णाजींच्या चहात दूध फाटलं होतं. सरांनी प्यायला.

महादेवरावांनी डिझेलचा आकडा पाहिला आणि 'अ' गट सोडायचं पत्र लिहायला घेतलं. सुलोचनाबाईंनी विचारलं, "पुढच्या वर्सी भंडारा हाये ना?" पत्र अजून ड्रॉवरमध्ये आहे.

आठ दिवसांनी विद्यापीठाच्या संघाची यादी आली. बारा नावं. सहावं गुलाबचं, सातवं मोहिनीचं. सर यादी खिशात घालून संध्याकाळी अण्णाजींकडे गेले. ओट्यावर टेकले, पण यादी काही बाहेर काढवेना, कारण तिच्या खाली दुसरी ओळ होती. आंतरविद्यापीठ स्पर्धा राजस्थानात. जाणं-येणं धरून अकरा दिवस.

शेवटी त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. नाव लागलं तेही आणि राजस्थानही. "सोबत मॅडम हाये, गुलाबबी हाये," ते घाईघाईनं म्हणाले. "पन मी नाई राहणार. आनंदाबाईले नेता येत नाई. शब्द द्यायले माह्याजवळ काही नाई, अन्नाजी."

मोहिनी आत चुलीपाशी थांबली होती. आनंदाबाईच्या हातातली गाळणी थांबली. अण्णाजींनी यादीचा कागद घेतला, उलटा होता तो सुलटा केला, लेकीच्या नावावरून बोट फिरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग उठले, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेलं पेन काढलं.

"कोनत्या दिवसाची दिवेलागन, सर," ते म्हणाले, "तेवढं सांगा."